तेजी कोणाची आणि किती दिवसांची?

‘बाजार तेजीत आहे की मंदीत?’ हा प्रश्न एके काळी दलाल स्ट्रीटच्या परिसरापुरता होता. आज तो लोकलच्या डब्यात, कचेरीच्या उपाहारगृहात आणि सोसायटीच्या कट्ट्यावरही विचारला जातो. मार्च २०२० मध्ये देशातील डिमॅट खात्यांची संख्या सुमारे ४ कोटी होती. चारच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ती १५ कोटींच्या वर गेली. म्हणजे शेअरबाजाराची हालचाल हा आता मूठभर सटोडियांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तीनंतरचा निर्वाह यांच्याशी त्याची गाठ पडली आहे. म्हणूनच या प्रश्नाला जे उत्तर मिळते ते पुरते आहे की अपुरे, याची चौकशी करणे अगत्याचे झाले आहे.

आमच्या मते ते उत्तर बहुधा अपुरेच असते आणि दोष आधी प्रश्नाचाच असतो. शाळेतील मुलालाही ठाऊक असते की क्रियापदाला काळ लागतो. ‘जाणे’ एवढ्याने कोणी गेला, जातो आहे की जाणार आहे, याचा बोध होत नाही. तेजी आणि मंदी या शब्दांचेही तसेच आहे. किती दिवसांची, किती महिन्यांची की किती वर्षांची, हे सांगितल्यावाचून त्यांना अर्थच येत नाही. असे असता आपल्याकडे हे शब्द सर्रास मुदतीवाचून उच्चारले जातात, मुदतीवाचून ऐकले जातात आणि त्यांच्या भरवशावर पैसा मात्र मुदतीच्या सौद्यांत घातला जातो. या विसंगतीची किंमत कोण मोजतो, हे आपण पुढे पाहू. तत्पूर्वी विसंगती म्हणजे नेमके काय, ते एका ताज्या इतिहासावरून स्पष्ट करावयास हवे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा आठवडा वाचकांना आठवत असेल. मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांवर हुरळून सोमवारी, ३ जून रोजी, सेन्सेक्स २,५०७ अंशांनी चढला आणि ७६,४६९ वर बंद झाला. मंगळवारी प्रत्यक्ष मतमोजणीत ते अंदाज फोल ठरू लागले आणि एका दिवसात ४,३९० अंशांची घसरण होऊन निर्देशांक ७२,०७९ वर आला. बुधवारी तो पुन्हा २,३०३ अंशांनी वर गेला आणि शुक्रवारी, ७ जून रोजी, ७६,६९३ वर म्हणजे सोमवारच्याही वर स्थिरावला. सप्टेंबरअखेर त्याने ८५ हजारांची मर्यादा ओलांडली. तेथून उतरण लागली ती अशी की, ४ मार्च २०२५ रोजी तो ७२,९९० वर येऊन पोहोचला. निवडणुकीच्या निकालादिवशी जेथे होता त्याच्या आसपासच, नऊ महिन्यांनी!

आता ४ जूनच्या दुपारी चार माणसे चार मते मांडत होती असे समजा. एक म्हणतो मंदी आहे. त्याचा हिशेब सायंकाळपर्यंतचा आहे आणि तो बरोबर ठरला. दुसरा म्हणतो तेजी आहे; तो आठवड्यापुरते पाहतो आणि तोही बरोबर ठरला. तिसरा तीन-चार महिन्यांच्या तेजीची ग्वाही देतो. सप्टेंबरने त्याला कौल दिला. चौथा म्हणतो, येते वर्षभर बाजार फारसे काही देणार नाही. मार्चमध्ये त्याचेही म्हणणे खरे झालेले दिसले. चौघेही एकमेकांना मूर्खात काढीत होते आणि चौघांचेही खरे होते! सासूचे चार दिवस आणि सुनेचे चार दिवस असा हा प्रकार असता, घर कोणाचे म्हणून भांडण्यात काय हशील?

या गोष्टीचा विचार यापूर्वी कोणी केलेला नाही असे मुळीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे एक संस्थापक आणि संपादक चार्ल्स डाऊ यांनी आपल्या अग्रलेखांतून बाजाराच्या तीन गती वेगळ्या करून दाखविल्या. एक मोठी, वर्षानुवर्षे चालणारी. दुसरी तिच्या उलट जाणारी, काही आठवड्यांची वा महिन्यांची. आणि तिसरी रोजची किरकोळ हालचाल. पुढे त्यांच्या अनुयायांनी या विवेचनाला ‘डाऊ सिद्धान्त’ असे नाव दिले. समुद्राची भरती-ओहोटी, तिच्यावरच्या लाटा आणि लाटांवरचे तरंग ही त्यांनी दिलेली उपमा मुंबईकरांना तरी समजावून सांगावयास नको. भरती चालू असतानाही प्रत्येक लाट मागे सरतेच. आणि ओहोटीच्या वेळीही एखादी लाट पायांपर्यंत येऊन भिजवून जाते. एका लाटेवरून भरतीचा निष्कर्ष काढणारा माणूस समुद्राला दोष देत बसतो; वस्तुतः चूक त्याच्या पाहण्याची असते.

तीन गतींची कारणेही निरनिराळी असतात, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. एका दिवसाची हालचाल घडते ती बातमीने, अफवेने, मोठ्या खरेदी-विक्रीच्या दडपणाने किंवा वायद्याची मुदत त्या दिवशी संपत असल्याने. काही महिन्यांच्या हालचालीमागे रिझर्व्ह बँकेचे व्याजदर, पाऊसमान, कंपन्यांचे तिमाही निकाल, परदेशी गुंतवणूकदारांची आवक-जावक आणि रुपयाचा भाव ही कारणे असतात. वर्षानुवर्षांची गती मात्र अखेर एकाच गोष्टीवर येऊन ठेपते: कंपन्या किती नफा मिळवितात आणि त्या नफ्यासाठी खरेदीदाराने किती किंमत मोजली आहे. म्हणून सकाळच्या बातमीवरून दहा वर्षांचा निर्णय घेणे जितके चूक, तितकेच देशाच्या उज्ज्वल भवितव्याचा हवाला देऊन येत्या गुरुवारपर्यंतचा सौदा करणे चूक. पहिल्यात कारण लहान आणि परिणाम मोठा कल्पिलेला असतो. दुसऱ्यात कारण मोठे आणि मुदत नको तितकी लहान.

भिन्न मते असणे हा बाजाराचा दोष नव्हे, हेही येथेच सांगावयास हवे. विकणारा आणि घेणारा यांची मते एक झाली तर सौदाच होणार नाही. दिवसाचा व्यवहार करणारा, महिन्याचा व्यवहार करणारा आणि पंधरा वर्षांनी निवृत्त होणारा हे तिघे बाजारात असतात म्हणून तर प्रत्येकाला हवा तेव्हा गिऱ्हाईक मिळतो. अनर्थ होतो तो माणूस स्वतःच एका मुदतीतून दुसरीत नकळत घसरतो तेव्हा.

हे घसरणे दोन प्रकारांचे असते. पहिल्या प्रकारात सकाळी घेतलेला शेअर सायंकाळी विकण्याच्या इराद्याने घेतलेला असतो. भाव पडतो. तोटा पदरात घ्यावयाचा म्हणजे चूक कबूल करणे आले, आणि ते जिवावर येते. मग तो गृहस्थ म्हणतो, ‘आपण दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार आहोत.’ ज्या कंपनीचा ताळेबंद त्याने कधी उघडून पाहिलेला नाही, तिचा तो एका सायंकाळी आजन्म भागधारक होतो! दुसऱ्या प्रकारात याच्या नेमके उलट घडते. मुलीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांच्या हिशेबाने ठेवलेली रक्कम एका भीतिदायक आठवड्यात काढून घेतली जाते. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक पडला आणि २५,९८१ वर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो साथीपूर्वीच्या उच्चांकाच्याही वर गेला होता. मार्चमध्ये विकणाऱ्यांचे त्या दिवसाचे भय खोटे नव्हते. जग खरोखरच बंद पडत होते. परंतु ज्या पैशाची गरज दहा वर्षांनी लागणार होती, त्याचा निर्णय त्यांनी दहा दिवसांच्या भयाने केला.

एवढ्यावरून कोणी असे म्हणेल की, मग दीर्घ मुदत धरावी आणि स्वस्थ बसावे. सारे ठीक होईल. आजकाल हा उपदेश मंत्रासारखा जपला जातो. या मंत्रालाही तपासून घेतले पाहिजे, कारण मुंबईच्याच इतिहासाने त्याची कडू परीक्षा घेतलेली आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात बँका आणि कंपन्या यांचे पीक आले. समुद्र हटवून जमीन करण्याचा बेत आखणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाला पन्नास हजारांच्या घरात भाव आला होता. एप्रिल १८६५ मध्ये यादवी संपुष्टात आली, कापसाचे भाव गडगडले आणि १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा शहरातील मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे बाजाराचे अनभिषिक्त राजे. तेही त्यात सापडले.

आज मरीन ड्राइव्हवर फिरावयास जाणाऱ्याने किंवा नरिमन पॉइंटच्या कचेरीत चढणाऱ्याने एक क्षण थांबून विचार करावा. समुद्र हटेल, तेथे सोन्याच्या मोलाची जमीन होईल, हे १८६४ सालच्या तेजीवाल्यांचे भाकीत विसाव्या शतकात अक्षरशः खरे झाले. दृष्टी चुकली नव्हती. चुकले होते ते दोन ठिकाणी: दिलेली किंमत आणि धरलेली मुदत. पन्नास-पाऊणशे वर्षांच्या गोष्टीवर त्यांनी काही महिन्यांचे सौदे केले होते, तेही उसन्या पैशावर. मत खरे ठरले आणि माणसे बुडाली. बाजाराच्या इतिहासात यासारखा बोलका दाखला क्वचितच सापडेल.

इतर देशांचा अनुभवही सावध करणाराच आहे. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. अमेरिकेत १९२९ च्या सप्टेंबरातील पातळी पुन्हा दिसावयास १९५४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. आपल्याकडे ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर. म्हणजे शंभरातले एकसष्ट रुपये गेले. ते भरून येण्यास नोव्हेंबर २०१० ची दिवाळी यावी लागली आणि त्यानंतरही वर टिकून राहण्यास आणखी तीन वर्षे गेली. शिवाय निर्देशांक सावरतो म्हणून आपल्याजवळचा शेअर सावरतोच असे नाही. निर्देशांकातील दुबळ्या कंपन्या काढून त्यांच्या जागी सबळ कंपन्या घातल्या जातात. आपल्या खात्यातील दुबळी कंपनी मात्र आपल्यालाच सांभाळावी लागते. तेव्हा दीर्घ मुदत हे औषध गुणकारी आहे खरे, परंतु ते वाटेल त्या किमतीला घेतलेल्या वाटेल त्या शेअरला लागू पडत नाही.

तरीही दोन्ही टोकांची तुलना केली तर पारडे कोणीकडे झुकते याविषयी शंका नसावी. एकेका दिवसाचा हिशेब मांडला तर चढाचे आणि उताराचे दिवस जवळपास सारखेच भरतात. नाणेफेकीहून फारसे निराळे काही हाती लागत नाही. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स २०२४ साली ८० हजारांपलीकडे गेला, हे त्याच नाणेफेकीसारख्या दिवसांच्या बेरजेतून घडले. अल्प मुदतीत दलाली, कर आणि घाई यांचा वाटा मोठा. दीर्घ मुदतीत कंपनीच्या कमाईचा वाटा मोठा. कोणत्या मुदतीत कोणाचे फावते, हे यावरूनच उघड व्हावे.

आणि याविषयी आता तर्क करीत बसण्याचेही कारण उरलेले नाही. बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या सेबीनेच आकडे प्रसिद्ध केले आहेत. २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात एकाच दिवसात घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांनी तोटा सोसला. फ्युचर आणि ऑप्शन यांच्या सौद्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्ती उतरल्या. त्यांतील ९३ टक्के लोकांना सरासरी सुमारे दोन लाख रुपयांचा तोटा झाला आणि तिन्ही वर्षांची एकूण हानी १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. २०२४-२५ या एका वर्षात व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्यांचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या वर होता. सेबीच्याच पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये या सौद्यांत उतरणाऱ्यांत तीस वर्षांखालील तरुण ४३ टक्के होते आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली असल्याचे नोंदविले होते. दुसऱ्या बाजूस, मोठ्या पेढ्या आणि परदेशी संस्था यांनी त्याच वर्षी याच सौद्यांत हजारो कोटी मिळविले. पैसा नाहीसा झाला नाही. ज्यांच्याजवळ तो थोडा होता त्यांच्याकडून ज्यांच्याजवळ पुष्कळ होता त्यांच्याकडे गेला.

येथे मुदतीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. ऑप्शन घेणाऱ्याचे मत बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या दिवसाच्या आत बरोबर ठरावे लागते. शुक्रवारी खरा ठरणारा अंदाज गुरुवारी मुदत संपणाऱ्या सौद्यात शून्य किमतीचा असतो. दिवस उलटत जातात तसतशी घेणाऱ्याच्या हातातील वस्तू, बाकी काही न बदलता, बर्फासारखी विरघळत जाते. आपल्या जुन्या बाजारपेठांत या सौद्यांनाच ‘तेजी’ आणि ‘मंदी’ अशी नावे होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५६ च्या कायद्याने शेअरांतील असे सौदे निषिद्ध ठरविले होते. १९९५ मध्ये ती बंदी उठविण्यात आली आणि २००१ पासून नव्या स्वरूपात ते रीतसर सुरू झाले. जोखीम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचे साधन म्हणून त्यांना स्थान आहे, हे आम्ही अमान्य करीत नाही. ज्याच्याजवळ शेअर आहेत त्याने पडझडीचा विमा उतरावा, यात गैर काय? परंतु ज्याच्याजवळ घरच नाही त्याने रोज सकाळी आगीचे विमे घेत सुटावे, याला विमा म्हणत नाहीत.

सेबीने काही पावले टाकली आहेत आणि त्यांचे आम्ही स्वागत करतो. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक शेअरबाजाराला साप्ताहिक मुदतीचे सौदे एकाच निर्देशांकावर करण्याची मुभा राहिली आणि सौद्याचे किमान आकारमान वाढविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये असेही बजावण्यात आले की, शेअरबाजाराचे शिक्षण देतो म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत. शिक्षणाच्या नावाखाली उद्याच्या टिपा विकणाऱ्यांना हा चाप योग्यच होय. तथापि त्यानंतरच्या वर्षाचे आकडे पाहता एवढ्याने भागलेले नाही हे उघड आहे. आमच्या दोन सूचना आहेत. एक अशी की, तेजी वा मंदीचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत सल्लागाराला त्या सल्ल्याची मुदत आणि कोणत्या भावाला आपला अंदाज चुकला असे समजावे, या दोन गोष्टी ठळकपणे सांगणे सक्तीचे असावे. दुसरी अशी की, मोबाईलवर सौदा करू देणाऱ्या प्रत्येक दलालाने, सौदा पक्का होण्याआधी, त्या ग्राहकाचा आजवरचा नफा-तोटा सर्व खर्च वजा करून त्याच्या डोळ्यांपुढे ठेवावा. ज्याला उद्याचा आलेख दाखविता येतो, त्याला कालचा हिशेब दाखविणे कठीण नाही.

कायद्याने सारेच साधणार नाही, हेही खरे. मध्यमवर्गाने बाजाराकडे पाठ फिरवून सर्व पैसा बँकेतच ठेवावा, असे आम्ही म्हणणार नाही; महागाई त्या शिलकेला हळूहळू कुरतडते. एप्रिल २०२४ मध्ये एसआयपीच्या मार्गाने म्युच्युअल फंडांत येणारी मासिक रक्कम प्रथमच वीस हजार कोटींच्या वर गेली; यातील कितीतरी पैसा संयमाने टाकलेला असेल आणि त्याचे फळही मिळेल. आमचे सांगणे एवढेच की, बाजाराविषयी मत बनविण्याआधी प्रत्येक घराने आपल्या पैशाविषयी मत बनवावे. कोणती रक्कम सहा महिन्यांत लागणार, कोणती पाच वर्षांत आणि कोणती पंधरा वर्षांनी, याचा कागद आधी लिहावा. सहा महिन्यांत फीसाठी लागणाऱ्या पैशाला कोणतीही तेजी पुरेशी तेजी नव्हे. पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला मंगळवारची मंदी ही मंदी नव्हे. आणि उसन्या पैशाला दोन्हीही नाहीत. त्याला फक्त सावकाराची तारीख असते.

भरती केव्हा संपून ओहोटी लागली, हे त्या क्षणी कोणालाही निश्चित सांगता येत नाही. दोनशे दिवसांच्या सरासरीच्या रेषा काढणारे तज्ज्ञही ते उशिरानेच ओळखतात, कारण सरासरी ही होऊन गेलेल्या दिवसांचीच असते. म्हणून जो छातीठोकपणे ‘तेजी आहे’ किंवा ‘मंदी आहे’ म्हणतो त्याला वाचकांनी एकच साधा प्रश्न विचारावा: किती दिवसांची? ज्याला उत्तर देता येईल त्याचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे. ज्याला देता येणार नाही, त्याच्या शब्दावर आपल्या घरची शिल्लक लावू नये.